पिशवीवरचं साल

काम बारा ओळींचं होतं. दुकानामागच्या कोठाराचं बिस्त्रो, म्हणजे छोटं उपाहारगृह, करायचं ठरलं, मेनूकार्ड छपाईला द्यायची वेळ आली आणि डिझाइन करणाऱ्या मुलीनं विचारलं, मागच्या पानावर काय टाकू? नवरा म्हणाला, "दुकानाचा इतिहास टाकू. बारा ओळी. गिऱ्हाइकाला आवडतं असलं." आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. घरात लिहायची हौस मला एकटीलाच, ती मराठीत असली तरी. शिवाय सून. मला वाटलं एका रविवारचं काम आहे. चौदा महिने लागले.

म्युनिकमधल्या एका जुन्या वस्तीत माझ्या सासरचं फाइनकोस्टचं दुकान आहे. बाकीचं जग ज्याला डेलिकाटेसन म्हणतं, तेच. डेलिकाटेसन हा शब्द जर्मनांनी फ्रेंचांकडून उचलला, एकोणिसाव्या शतकात जर्मन स्थलांतरितांनी तो न्यूयॉर्कला नेला, आणि इकडे मायदेशी मात्र परका वास नको म्हणून फाइनकोस्ट हा सोवळा शब्द रुजला. हे दुकान किराण्याचं नाही, खाटकाचं नाही, बेकरीही नाही. या तिघांकडचं निवडून आणलेलं, आणि त्यावर स्वतःच्या स्वयंपाकघरात केलेलं. काचेच्या थंड काउंटरमध्ये हॅम, सॉसेज, चीज. पुढे भांड्यांतून रोजची सॅलडं. सॉसेजच्या बारीक पट्ट्या, काकडीचं लोणचं आणि मेयोनेझ यांचं एक, बीट घातलेलं हेरिंग माशाचं लालबुंद दुसरं, बटाट्याचं तिसरं. सासूबाई सत्तरी ओलांडून गेल्यात, पण मेयोनेझ अजून त्याच करतात. बाटलीतलं आलं की मी गेले समजा, असं त्यांनी बजावून ठेवलंय.

(सासूबाई म्हणतेय, पण समोर मी त्यांना नावानंच हाक मारते, तिथं तसंच आहे. मराठीत लिहायला बसलं की मात्र ते हातून होत नाही.)

तर पहिल्या रविवारी मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. सुरुवातीबद्दल त्यांनी तीन वाक्यं सांगितली. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी, म्हणजे आजेसासऱ्यांनी, अडतीस साली दुकान घेतलं. युद्धात बाँब पडले, पुढची बाजू गेली. मग त्यांनी पुन्हा उभं केलं. संपलं. आणि मग अठ्ठेचाळीसपासून पुढचं सांगायला त्यांनी दोन तास घेतले.

ते दोन तास मी विसरणार नाही. 20 जून 1948, रविवार. जुना मार्क रद्द झाला, नवे चाळीस मार्क प्रत्येक माणसाच्या हातात पडले, आणि सोमवारी सकाळी रिकाम्या काचांमागे माल उभा होता. लोणी, डबाबंद मासे, चॉकलेट. आदल्या आठवड्यात नाही म्हणून सांगितलेल्या वस्तू. सासूबाई तेव्हा जन्मल्याही नव्हत्या, पण सासऱ्यांच्या आईकडून त्यांनी हे इतक्यांदा ऐकलं होतं, की त्या "आम्ही काच पुसली" असंच म्हणतात. मग पन्नासचं दशक. उपासमार बघितलेला देश खायला सुटला. इथं त्या काळाला 'खादाडीची लाट' असंच नाव आहे. आजेसासऱ्यांनी अंड्याचे आणि हॅमचे तुकडे पारदर्शक जेलीत बसवून विकायला सुरुवात केली, डबाबंद अननस ठेवला. 1955 च्या डिसेंबरात इटलीशी कामगारांचा करार झाला आणि ती माणसं आली तसं दुकानात ऑलिव्ह तेल आलं. आधी गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली, पुढं तेच त्यासाठी रांगेत उभे राहिले.

मग उतरणही त्यांनीच सांगितली, आणि तिचं कारण मला नवीन होतं. 1974 सालच्या सुरुवातीपर्यंत कंपनीच्या मालाची किंमत कंपनीच ठरवायची. अमुक कॉफी कोपऱ्यावरच्या दुकानात आणि मोठ्या बाजारात त्याच भावाला. तो कायदा गेला आणि सुपरमार्केटनी भाव पाडले. "तोपर्यंत लोक आमच्याकडे कॉफी घ्यायचे आणि जाता जाता हॅम. नंतर कॉफी तिकडून घ्यायला लागले. मग हॅमही तिकडेच मिळायला लागलं." दुकान वाचलं ते सॅलडांवर. आणि आता बिस्त्रो, कारण नुसती सॅलडंही पुरेनात. दुपारी शंभर ग्रॅम हॅम बांधून नेणाऱ्या माणसाला तेच हॅम ताटलीत, ब्रेडबरोबर, वाइनचा पेला लावून बसायला जागा देऊन विकलं तर त्याच हॅमचे जास्त पैसे होतात. सगळ्या बिस्त्रोचं गणित इतकंच आहे.

बिस्त्रो या शब्दावरून घरात आमचं पहिलं भांडण झालं. नवऱ्याला कार्डावर ती प्रसिद्ध गोष्ट हवी होती: 1814 साली रशियन फौज पॅरिसमध्ये शिरली, कोसॅक सैनिक खानावळीत 'बिस्त्रा, बिस्त्रा' म्हणजे लवकर, लवकर म्हणून ओरडायचे, त्यावरून बिस्त्रो. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात एका उपाहारगृहाच्या भिंतीवर तशी पाटीही आहे. मी शोधलं तर हा शब्द फ्रेंचमध्ये छापलेला सापडतो तो 1884 मध्ये. मधली सत्तर वर्षं तो कुठं दडून बसला होता? भाषेचे अभ्यासक ही व्युत्पत्ती मानत नाहीत. पॅरिसची ती छोटी दुकानं बऱ्याच अंशी ओव्हेर्न्य प्रांतातून आलेल्या कोळसेवाल्यांची. एका दारातून कोळसा, दुसऱ्या दारातून वाइनचा पेला, आत बायको रस्सा ढवळतेय. मला ही गोष्ट कोसॅकांपेक्षा सरस वाटली. नवरा म्हणाला, कोळसा वाचून कोणाला भूक लागणार आहे? मी म्हटलं, पाटीवर आहे म्हणून खोटं छापायचं नाही. हे वाक्य माझ्यावरच उलटणार होतं.

कार्डाचा पहिला नमुना आला. मागच्या पानावर माझ्या बारा ओळी आणि त्यांच्या वर सोनेरी अक्षरांत 'ज़ाइट 1938', म्हणजे 1938 पासून. पिशव्यांवर असतं तसंच. मी नऊ वर्षं त्या कागदी पिशव्यांत चीज भरून देत होते. नमुना काउंटरवर पडला होता. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई दर शुक्रवारी हेरिंगचं सॅलड न्यायला येतात. त्यांनी चष्मा वर करून कार्ड वाचलं आणि अगदी सहज, वजन किती झालं विचारावं तसं विचारलं: "अडतीस? म्युनिकमध्ये? मग त्याआधी कोणाचं होतं?"

सासूबाई म्हणाल्या, "दोनशे वीस ग्रॅम. चालेल?"

मी इतिहासाची विद्यार्थिनी नव्हे. पण जर्मनीत नऊ वर्षं राहून 1938 म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला तोंड नाही. 9 नोव्हेंबरची ती रात्र, ज्यूंची दुकानं फोडली ती, तिची ठिणगी तर म्युनिकच्याच जुन्या नगरभवनात पडली होती. गोबेल्सनं तिथूनच भाषण केलं. मी ती इमारत पाहुण्यांना दाखवते. मात्र त्या सालाचा आणि आमच्या पिशवीचा संबंध कधी जोडला नव्हता. ते साल माझ्यासाठी नक्षीचा भाग झालं होतं.

रात्री नवऱ्याला विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे, माहीत करून घ्यायची वेळच कधी आली नाही, असं तो म्हणाला. "आजोबांनी घेतलं. एवढंच बोलायचे." इथला मूळ शब्द 'यूबरनोमन'. जबाबदारी, पाळी, खर्च, दुकान, सगळ्याला चालतो. मला गंमत वाटली, की मराठीतही तसंच आहे. विकत घेतलं, चालवायला घेतलं, बळकावून घेतलं. पुढचा शब्द गाळला की सगळ्यांचं उरतं नुसतं 'घेतलं'.

कोठार रिकामं करायचंच होतं. मागच्या भिंतीच्या फळ्या काढल्या तेव्हा त्यांतली एक फळी म्हणजे जुन्या पाटीचा तुकडा निघाला. रंगाच्या थराखाली अक्षरं: 'कोलोनिआलवारेन', आणि त्याखाली दक्षिणेकडची फळं, म्हणजे संत्री-लिंबं. कोलोनिआलवारेन म्हणजे वसाहतींचा माल. कॉफी, चहा, साखर, मिरी. एके काळी या प्रकारच्या दुकानांना देशभर हेच नाव होतं. इथल्या एका सगळ्यात मोठ्या किराणा साखळीच्या एडेका या नावातला 'का' त्याच शब्दाचा. माझ्या देशातली मिरी या शब्दात कशी बसली होती हे बघून क्षणभर वेगळाच राग आला, पण तो नंतर कधीतरी. कारण पाटीच्या कडेला एका आडनावाची शेवटची चार अक्षरं होती, आणि ती आमच्या आडनावाची नव्हती.

त्याच कोठारात, लोणच्याच्या बरण्यांच्या खोक्याखाली, उधारीची वही सापडली. जाड पुठ्ठ्याची. उघडली आणि कपाळाला हात लावला. एक अक्षर लागेना. ही कुरेंट, जर्मनांची जुनी वळणदार लिपी, जी 1941 नंतर शाळांतून गेली. आपल्या मोडीसारखीच गत. पणजोबांच्या हातची कागदं घरात असतात आणि घरातल्या कुणाला वाचता येत नाहीत. कुरेंटमधला 'ए' दिसतो 'एन'सारखा. 'एन' आणि 'यू' तर सारखेच, 'यू'च्या डोक्यावर एक चंद्रकोर काढतात म्हणून ओळखायचा, तीही लिहिणारा घाईत असेल तर गायब. मी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. सहा आठवडे. वर्गात बाकीचे सगळे आपापल्या आजीची पत्रं घेऊन बसलेले, मी हेरिंगची उधारी. पण एक फायदा होता: शब्द तेच तेच होते. लोणी, अर्धा पौंड. कॉफी, पाव पौंड. हिशेबाच्या वहीवर लिपी शिकावी, कवितेवर नाही, असा माझा अनुभव.

वहीच्या साधारण दोन तृतीयांशावर एक पान आहे. बारीक, उजवीकडे कललेलं, नेटकं अक्षर मध्येच थांबतं. खाली पट्टी धरून एक आडवी रेघ. पुढच्या पानावर दुसरं अक्षर सुरू होतं, मोठं, गोल, थोडं पोरकट. तेच गिऱ्हाईक, तीच नावं, तीच थकबाकी पुढे ओढलेली. कुणाचे तीन मार्क बाकी होते ते आता नव्या माणसाला देणं होते. मोठं अक्षर सासूबाईंनी लगेच ओळखलं. आजेसासऱ्यांचं. आणि त्या म्हणाल्या, "तो आधीपासून तिथं कामाला होता ना. विक्रेता म्हणून." हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. तिसऱ्या वाक्यानंतर चौथं वाक्य होतं तर!

पुढची पायरी जुन्या पत्त्यांची पुस्तकं. रस्त्यानुसार, घरानुसार, कोण राहतो आणि काय करतो. तिथं पूर्ण आडनाव मिळालं. मग नगर-अभिलेखागारातली व्यवसाय-नोंदणीची कार्डं, आणि शेवटी सरकारी अभिलेखागारात युद्धानंतरच्या मालमत्ता-परतफेडीच्या फायली. कोणाला असं काही शोधायचं असेल तर सांगते: ही शेवटची कागदपत्रं सगळ्यात बोलकी. 1938 चे कागद गोडगोड बोलतात, सगळं कायदेशीर, सगळं शिक्क्यानिशी. 1948 नंतरच्या फायलीत मात्र दोन्ही बाजूंना आपापलं सांगावं लागलेलं असतं. आधी अर्ज करायचा, कारण लिहायचं, फाईल मागवून ठेवायची, वाचनकक्षात पेन्सिलच न्यायची. तिथल्या बाईंनी फाईल हातात देताना विचारलं, कुटुंबातल्या आहात? मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि कोणत्या बाजूच्या, असं त्या विचारणार होत्या बहुतेक, पण विचारलं नाही.

फाईल जाड नव्हती. त्यातलं जे समजलं ते सांगते. पहिल्या मालकांचं नाव इथं लिहीत नाही; त्यांच्या घरच्यांची परवानगी नाही.

दुकान त्यांच्या वडिलांनी पहिल्या महायुद्धाआधी काढलेलं. 26 एप्रिल 1938 ला हुकूम निघाला: पाच हजार मार्कांवरची मालमत्ता प्रत्येक ज्यू व्यक्तीनं नोंदवायची, आणि ज्यूच्या मालकीचं दुकान विकायला सरकारी मंजुरी लागणार. सौदा त्या शरद ऋतूत झाला. 12 नोव्हेंबरच्या दुसऱ्या हुकुमानं नव्या वर्षापासून ज्यूंना दुकान चालवायलाच बंदी आली, म्हणजे ज्यांनी विकलं नसेल त्यांच्याकडे विकण्यासारखं काही उरणार नव्हतं. मंजुरीच्या कागदावर तारीख 1939 मधली आहे आणि तोवर विकणाऱ्याच्या नावात 'इस्राएल' हे जादा नाव घुसलं होतं. ते कोणी हौसेनं लावत नसे. त्या जानेवारीपासून जवळजवळ सगळ्या ज्यू पुरुषांवर ते सक्तीचं होतं.

मी अडकले ती किमतीच्या हिशेबावर. माल, फडताळं, तराजू, पिंपं, बर्फाचं कपाट, सगळ्याची यादी आणि प्रत्येकापुढे आकडा. आणि दुकानाच्या नावाला, गिऱ्हाइकाच्या भरवशाला, ज्याला आपण पत म्हणतो तिला, शून्य. तो विसर नव्हता, धोरणच होतं. ज्यू दुकानाच्या नावाला मोल असूच शकत नाही, म्हणून त्याचे पैसे द्यायचे नाहीत. आता फाइनकोस्टच्या दुकानात काय असतं सांगा? पिंप आणि तराजू कुणीही आणेल. या धंद्यात लोक तुमच्या हातचं न बघता तोंडात घालतात. तीस वर्षांनी कमावलेलं तेवढंच खरं असतं, आणि तेच फुकट गेलं. वहीत मात्र ते दिसतं, आडव्या रेघेच्या पलीकडे जसंच्या तसं चालू राहिलेलं. एकही गिऱ्हाईक गळलं नाही.

जे पैसे ठरले तेही विकणाऱ्याच्या हाती आले नाहीत. ते गोठवलेल्या खात्यात गेले. त्यातून देश सोडण्याचा पाव हिस्सा कर, मग ज्यूंवर बसवलेला दंड. तरीही ते, बायको आणि मुलगी जिवानिशी न्यूयॉर्कला पोचले. इतरांचं तसं झालं नाही. म्युनिकहून ज्यूंना हद्दपार करणारी पहिली गाडी 20 नोव्हेंबर 1941 ला सुटली, जवळजवळ हजार माणसं, आणि पाच दिवसांनी लिथुआनियातल्या काउनासमध्ये ती सगळी मारली गेली. वहीतल्या गिऱ्हाइकांपैकी दोन नावं मी त्या यादीत शोधली. पुढे शोधलं नाही.

यादीत एक ओळ होती: हॅम कापायचं यंत्र, बेर्केल, लाल, चाकासह. मी ती दोनदा वाचली. रॉटरडॅमच्या एका खाटकानं, व्हान बेर्केलनं, 1898 मध्ये या यंत्रांचा कारखाना काढला. मोठं चाक हातानं फिरवायचं, पातं फिरतं, ताट सरकतं, आणि हॅमचा पापुद्रा इतका पातळ पडतो की त्यातून वर्तमानपत्र वाचावं. आमच्या दुकानाच्या दर्शनी काचेत असं एक आहे. आजेसासऱ्यांनी पहिल्या कमाईतून आणलं अशी घरची गोष्ट. नवऱ्यानं बिस्त्रोच्या जाहिरातीत त्याचाच फोटो घेतला होता. घरी येऊन मी बॅटरी घेऊन यंत्राच्या बुडाशी बसले. क्रमांक जुळला.

त्या रात्री कोणी फार बोललं नाही. सासूबाईंनी यंत्र पुसलं. दर शनिवारी पुसतात, त्या दिवशी बुधवार होता.

दुसऱ्या दिवशी त्या भडकल्या. माझ्यावर नाही, पण आवाज माझ्याच दिशेनं. "दोनदा पैसे मोजलेत आम्ही! ते नाही लिहिलेलं तुझ्या फायलीत?" लिहिलं होतं. 10 नोव्हेंबर 1947 ला अमेरिकन लष्करी सरकारनं 59 क्रमांकाचा कायदा केला. नाझी काळात ज्यूंकडून झालेली खरेदी ही जबरदस्तीचीच समजायची. तशी नव्हती हे खरेदी करणाऱ्यानं सिद्ध करायचं. दावे लावायची मुदत 1948 च्या अखेरपर्यंत. न्यूयॉर्कहून दावा आला. आजेसासऱ्यांनी आधी वकील दिला, मग तडजोड केली, आणि नव्या मार्कांत हप्त्यानं रक्कम भरली. म्हणजे खादाडीच्या लाटेत अननस विकून जे आलं त्यातलं काही तिकडे गेलं. 'दोनदा मोजले' ही तक्रार त्या काळी घरोघरी होती म्हणे. मी सासूबाईंना एवढंच म्हटलं, पहिल्यांदा मोजले ते त्यांना मिळाले कुठं? त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हप्ते मला माहीत होते. माझ्या सासूनं सांगितलं होतं. कशाचे, ते मी विचारलं नाही. मी सून होते."

आजेसासरे कसे होते, हे फायलीतून नीट कळत नाही. जुन्या मालकांनी जबाबात लिहून दिलंय, की माणूस वागायला सभ्य होता, त्यानं धमकावलं नाही. कचेरीनं सांगितलं तेवढी किंमत दिली, त्याहून जास्त दिली नाही. नवऱ्यानं पहिला अर्धा भाग दोनदा वाचला. मी दुसरा. आठ वर्षं ज्याच्या हाताखाली मेयोनेझ शिकला त्याचं दुकान त्यानं अशा भावात घेतलं, आणि न घेता तर नाझी पक्षाचा कोणीतरी घेता, हेही खरंच. मला न्याय द्यायचा नव्हता, बारा ओळी लिहायच्या होत्या.

त्या ओळी मी किती वेळा लिहिल्या! पहिल्यांदा चक्क निबंध झाला. नवऱ्यानं विचारलं, लोक जेवायला येणार आहेत का सुतकाला? चूक नव्हतं त्याचं. दुसऱ्यांदा मी ते सगळं गाळून 'शंभर वर्षांहून जुनी परंपरा' लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच फाडलं. हे तर आणखी वाईट. साल चोरायचं राहिलं होतं तेही चोरलं. याच शहरात डालमायर नावाचं फाइनकोस्टचं मोठं, जुनं घराणं आहे. 1895 मध्ये ते दुकान डालमायरकडून रांडलकोफर नावाच्या माणसानं विकत घेतलं, दोन वर्षांत तो वारला आणि त्याच्या बायकोनं, तेरेझनं, ते राजेरजवाड्यांपर्यंत पोचवलं. पाटीवर मात्र आजही विकणाऱ्याचं नाव. कारण पत त्या नावात होती आणि तिचे पैसे दिले होते. आमच्याकडे जुनी पाटी उलटी करून फळी केली होती.

बिस्त्रो ठरल्या दिवशी उघडलं, मागच्या पानावर वाइनची यादी छापून. आठ टेबलं. यंत्राचा फोटो जाहिरातीतून काढला. काम सुरळीत चालायला लागलं, आणि शुक्रवारच्या बाई दर वेळी कार्ड उलटून बघायच्या, काही बोलायच्या नाहीत.

न्यूयॉर्कचा पत्ता मिळायला सहा महिने गेले. जुन्या वकिलाच्या कार्यालयापासून सुरुवात, मग दोन चुकीची माणसं, मग नात. उत्तर अर्ध्या पानाचं आलं, कोरडं आणि नीट. नाव छापावं का यावर घरात विचार करू, घाई करू नका. यंत्र परत द्यायचं आम्ही विचारलं होतं. त्यावर त्यांनी लिहिलं, की एवढं लोखंड फ्लॅटमध्ये ठेवायचं कुठं. वहीच्या पानांच्या प्रती मात्र पाठवा, आडव्या रेघेपर्यंतच्या सगळ्या. मी पाठवल्या. कुरेंट वाचता येतं का हे विचारायचं राहिलं.

शेवटी ओळी झाल्या, बारा नाही, सात. दुकान एका ज्यू कुटुंबानं उभं केलं. 1938 मध्ये त्यांना ते विकणं भाग पडलं. त्यांच्याकडे कामाला असलेल्या आजोबांनी ते त्याच्या मोलापेक्षा कमी पैशांत विकत घेतलं. ते कुटुंब देश सोडून गेलं. पन्नासच्या दशकात काही पैसे परत दिले गेले. मी कागद सासूबाईंपुढे ठेवला. त्या काउंटरवरच्या पेन्सिलीनं वाचत गेल्या, गिऱ्हाइकाची यादी तपासतात तशा. 'आजोबांनी' वर थांबल्या, खोडलं, आणि वर लिहिलं 'आम्ही'.

"तो तर मेलाय," त्या म्हणाल्या. "पिशवीवर छापतो ते आम्ही."

नव्या पिशव्यांवर साल नाही, नुसता पत्ता आहे. त्यांचे गठ्ठे कोठाराच्या उरलेल्या कोपऱ्यात बांधलेले पडलेत. जुन्या अजून हजारेक तरी आहेत. कागद वाया घालवायचा नाही म्हणून सासूबाई त्या उलट्या करून, छापील बाजू आत घालून, त्यांत ब्रेड देतात.